ईमेलच्या सहीखाली कोट टाकायचाय? ओळ निवडण्यापासून ती लावेपर्यंत सगळं

ईमेलच्या शेवटी आपलं नाव, हुद्दा, फोन नंबर येतो आणि त्याच्याखाली बरेच जण एखादी ओळ टाकतात. कुणी अभंगाचा चरण, कुणी गीतेतला श्लोक, कुणी इंग्रजी कोट. नुकतीच नोकरीला लागलेली मुलं, नवीन शिक्षक, स्वतःचा छोटा धंदा सुरू केलेली मंडळी हे नेहमी विचारतात की अशी ओळ टाकावी का, कुठली टाकावी आणि ती नेमकी लावायची कुठून. माझं म्हणाल तर टाकावी, जरूर टाकावी, पण थोडा वेळ देऊन निवडावी. कारण व्हॉट्सअ‍ॅपचं स्टेटस २४ तासांत आपोआप जातं, सिग्नेचर मात्र एकदा सेव्ह केली की वर्षानुवर्षं तशीच राहते आणि आपण विसरून गेलो तरी ती प्रत्येक मेलखाली जात असते, लग्नाच्या आमंत्रणाखाली, थकलेल्या बिलाच्या आठवणीखाली आणि कुणाच्या घरी वाईट झालं असेल तर त्या सांत्वनाच्या मेलखाली सुद्धा. ही एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवली की पुढचं बरंचसं काम सोपं होतं.

आधी बघा खातं कुठलं आहे

ऑफिसचं खातं असेल तर आधी विचारा. बऱ्याच कंपन्यांमध्ये सिग्नेचरचा साचा ठरलेला असतो, लोगो कुठे, नाव कुठल्या रंगात, सगळं वरून येतं, त्यात स्वतःची ओळ घुसवू नका, आयटीवाले ती काढून टाकतील किंवा कुणीतरी बोलेल. सरकारी कार्यालयाच्या मेलवरूनही टाकू नये असं मला वाटतं, कारण तिथे तुम्ही व्यक्ती म्हणून लिहीत नसता, कार्यालय म्हणून लिहिता. नोकरीच्या अर्जाच्या मेलखालीही नको, तिथे वाचणाऱ्याला फक्त नाव आणि नंबर पटकन सापडला पाहिजे.

स्वतःचं खातं, स्वतःचा व्यवसाय, शाळा-कॉलेज, क्लास, संस्था, मंडळ, सोसायटी, इथे मात्र ओळ छान शोभते. शिक्षकांच्या मेलखाली तर मला ती फार आवडते, पालकांना आणि मुलांना त्या निमित्ताने काहीतरी चांगलं वाचायला मिळतं.

जागा किती आहे तेही आत्ताच ठरवून टाका. १९९५ साली इंटरनेटवर वागायच्या शिष्टाचाराचा एक दस्तऐवज निघाला होता, आरएफसी १८५५, त्यात साधा अंदाज दिलाय की सही ४ ओळींपेक्षा लांब नसावी. तेव्हा इंटरनेट हळू होतं आणि महाग होतं म्हणून, पण हिशोब आजही बरोबर बसतो: नाव, हुद्दा आणि संस्था, फोन, आणि चौथी आपली ओळ. म्हणजे तुमच्या कोटला एक ओळ आहे, फार तर दोन छोटे चरण. मोबाइलवर तीसुद्धा तुटून दोन-तीन ओळी होते, त्यामुळे जितकी छोटी तितकी बरी.

ओळी कुठून गोळा करायच्या

'ईमेल सिग्नेचरसाठी बेस्ट कोट्स' असं शोधून जी यादी येते ती बाजूला ठेवा. त्याच ओळी हजारो लोकांच्या मेलखाली आहेत आणि त्यातल्या निम्म्यांचं मूळ कुणालाच माहीत नसतं. सुरुवात तुमच्या तोंडात जे आधीपासून आहे तिथून करा. घरी हरिपाठ होत असेल, शाळेत मनाचे श्लोक पाठ केले असतील, आजी एखादी म्हण सारखी म्हणत असेल, कीर्तनात ऐकलेला एखादा चरण डोक्यात बसला असेल. आपण अडचणीत आलो की स्वतःशी काय पुटपुटतो ते आठवा, ती ओळ तुमची आहे. फोनच्या नोट्समध्ये चार-पाच ओळी लिहून ठेवा आणि काही दिवस तशाच राहू द्या, ज्या कंटाळवाण्या वाटायला लागतील त्या खोडा.

कामाशी नातं असलेली ओळ निघाली तर फारच छान. खानावळ किंवा घरगुती डबे चालवणाऱ्या ताईंना बहिणाबाई चौधरींची 'आधी हाताला चटके, तव्हां मियते भाकर' किती चपखल बसते बघा. रियाज करून घेणाऱ्या गुरुजींना, जिममधल्या कोचना, स्पर्धा परीक्षेच्या क्लासवाल्यांना तुकोबांचं 'असाध्य ते साध्य करिता सायास, कारण अभ्यास तुका म्हणे'. साक्षरतेचं, वाचनालयाचं काम करणाऱ्यांना जोतीराव फुल्यांच्या 'शेतकऱ्याचा असूड' मधली १८८३ सालची ती साखळी आहेच, विद्येविना मती गेली, मतीविना नीती गेली, तिथून पुढे थेट वित्त जाऊन शूद्र खचेपर्यंत. पूर्ण साखळी सहीत मावत नाही आणि बहुतेक जण पहिली कडी घेतात, पण मला विचाराल तर शेवटची घ्या, 'इतके अनर्थ एका अविद्येने केले'. ती एकटी उभी राहते आणि वाचणाऱ्याला मागची साखळी आपोआप आठवते.

म्हणी पण विसरू नका. 'थेंबे थेंबे तळे साचे' खाली कुणाचं नाव लिहायची गरज नाही, खरं-खोटं शोधायचं काम नाही, अर्थ सगळ्यांना कळतो. बचत गटाच्या मेलखाली याहून चांगली ओळ मला तरी सुचत नाही.

काही ओळी मात्र आधीच दुसऱ्यांच्या झाल्यात. 'योगक्षेमं वहाम्यहम्' गीतेच्या नवव्या अध्यायातलं आहे पण वाचलं की एलआयसी आठवते. 'बहुजन हिताय बहुजन सुखाय' म्हटलं की एसटी, 'सद्रक्षणाय खलनिग्रहणाय' म्हणजे महाराष्ट्र पोलीस. ओळी सुंदर आहेत, पण तुमच्या सहीखाली त्या तुमच्या वाटणार नाहीत. शिवाजी महाराजांची राजमुद्रा सहीत लावणारेही खूप आहेत. भावना मी समजू शकतो, माझ्याही मनात तीच आहे, पण ती महाराजांच्या कागदपत्रांवर उमटायची, स्वराज्याच्या कारभाराची खूण होती. आपल्या दुरुस्तीच्या कोटेशनखाली किंवा मीटिंगच्या निरोपाखाली ती लावू नये असं मला मनापासून वाटतं.

आता तपासा, आणि इथे घाई नको

ही पायरी लोक सोडतात आणि सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यायला हवा. तपासायच्या गोष्टी तीन: शब्द बरोबर आहेत का, नाव बरोबर आहे का, आणि मूळ ठिकाणी ती ओळ नेमकं काय म्हणते.

शब्दांचं उदाहरण घ्या. शिक्षकांची सगळ्यात आवडती ओवी म्हणजे 'जे जे आपणासी ठावे, ते ते इतरांसी सांगावे, शहाणे करोनि सोडावे सकळ जन'. आपण सगळे असंच म्हणतो, शाळांच्या भिंतींवरही असंच रंगवलेलं असतं. आता दासबोध उघडा, दशक १९, समास १०, ओवी १४. तिथे आहे: 'जितुकें कांहीं आपणासी ठावें । तितुकें हळुहळु सिकवावें । शाहाणें करूनी सोडावे । बहुत जन ॥' बघा काय फरक पडतो. समर्थ नुसतं सांगा म्हणत नाहीत, हळूहळू शिकवा म्हणतात, आणि सगळ्यांना नाही तर पुष्कळांना शहाणं करून सोडा म्हणतात. ज्याने वर्गात उभं राहून शिकवलंय त्याला हे 'हळुहळु' किती खरं आहे ते कळेल. मी तर म्हणेन शिक्षकांनी हीच छापील ओवी लावावी, पहिले दोन चरण पुरतात.

ज्ञानेश्वरीतल्या सहाव्या अध्यायातल्या १४ व्या ओवीचं तर दर २७ फेब्रुवारीला काय काय होतं ते आपण बघतोच, मराठीची, मराठीचे, बोल, बोलू, वाट्टेल ते फिरत असतं. मूळ ओवी अशी: 'माझा मराठाचि बोलु कौतुकें । परि अमृतातेंही पैजां जिंके । ऐसीं अक्षरें रसिकें । मेळवीन ॥' शेवटचा शब्द बहुतेक ठिकाणी गाळलेला असतो, आणि सगळा जोर तर त्याच्यावर आहे. ज्ञानोबा म्हणतायत की अमृतालाही पैजेत हरवतील अशी अक्षरं मी जुळवीन. नुसतं भाषेचं कौतुक नाही हो ते, काम करायचा शब्द दिलाय. लेखन, अनुवाद, मुद्रितशोधन असलं काम करणाऱ्यांनी 'ऐसीं अक्षरें रसिकें मेळवीन' एवढंच लावलं तरी काय सुरेख दिसेल.

बहिणाबाईंच्या ओळी लावताना एक कळकळीची विनंती, त्या 'सुधारू' नका. 'मियते' चं 'मिळते' आणि 'चुल्ह्यावर' चं 'चुलीवर' करून टाकणारे खूप आहेत. त्या खानदेशात जशा बोलल्या तशीच ती गाणी १९५२ साली, त्यांच्या जाण्यानंतर, छापली गेली आणि तशीच आपल्यापर्यंत आलीत. जुन्या पोथ्यांमधले अनुस्वार आजच्या पद्धतीने गाळले तर चालतं, बऱ्याच आवृत्त्याही गाळतात, पण शब्द बदलायचा नाही.

नावाचं तर विचारूच नका. कुठलंही भावुक वाक्य असलं की खाली व. पु. काळे, जरा खुसखुशीत असलं की पु. ल., आणि स्वप्नांबद्दल काही असलं की कलाम सरांचा फोटो. 'तुका म्हणे' आलं म्हणजे अभंग तुकोबांचाच असंही समजू नका, ते दोन शब्द कुणीही कशालाही जोडू शकतो आणि जोडतातच. इंग्रजीत तेच. जगात जो बदल बघायचाय तो आधी तुम्ही व्हा, हे गांधीजींच्या नावावरचं वाक्य जगभर सह्यांखाली आहे, पण त्या शब्दांत ते त्यांच्या लिखाणात सापडत नाही. १९१३ मध्ये 'इंडियन ओपिनियन' मध्ये त्यांनी जे लिहिलं होतं ते साधारण असं की आपण स्वतःला बदलू शकलो तर जगातल्या प्रवृत्तीही बदलतील. तुमचं म्हणणं मला पटत नाही पण ते म्हणायच्या तुमच्या हक्कासाठी मी लढेन, हे व्होल्टेअरचं म्हणून सांगतात, ते लिहिलं एव्हलिन बिअट्रिस हॉल या लेखिकेने, १९०६ च्या पुस्तकात, व्होल्टेअरची वृत्ती समजावून सांगताना.

मग तपासायचं कसं? दासबोध, गाथा, ज्ञानेश्वरी बऱ्याच घरांत असतात, नसतील तर मराठी विकिस्रोतवर मिळतात. गाथेत अभंगांचे क्रमांक प्रतीप्रमाणे बदलतात, त्यामुळे क्रमांकावर जाऊ नका, पहिल्या चरणाने शोधा. फुल्यांचं समग्र वाङ्मय साहित्य आणि संस्कृती मंडळाने काढलंय, बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचे खंड महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून काढलेत. गावच्या किंवा वॉर्डातल्या वाचनालयात जाऊन ग्रंथपालांना विचारा, ते आनंदाने काढून देतात. आणि खूप शोधून मूळ सापडलंच नाही तर ती ओळ सोडून द्या. कुणाच्या तरी नावावर खोटं वाक्य आपल्या सहीखाली रोज पाठवायचं, हे काही बरं नाही.

तिसरी गोष्ट, आजूबाजूचं वाचा. याचं माझ्या मते सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे 'प्रयत्ने वाळूचे कण रगडिता तेलही गळे'. मोटिव्हेशनचं वाक्य म्हणून हे सगळीकडे चालतं, सह्यांखाली तर भरपूर. भर्तृहरीच्या नीतिशतकातल्या श्लोकाचं वामन पंडितांनी केलेलं हे मराठी रूप, आणि पूर्ण श्लोक वाचला तर पुढे येतं की मृगजळ पिऊन तहान भागेल, रानात हिंडून सशाचं शिंगही मिळेल, 'परंतु मूर्खाचे हृदय धरवेना क्षणभरी'. म्हणजे श्लोक प्रयत्नाचं कौतुक करायला लिहिलेलाच नाही. एक वेळ वाळूतून तेल निघेल पण हट्टी मूर्खाची समजूत घालता येणार नाही, असं तो सांगतो. आता हा श्लोक माहीत असलेल्या एखाद्या सरांना तुम्ही तिसऱ्यांदा आठवणीचा मेल पाठवलाय आणि खाली ही ओळ आहे, त्यांना काय वाटेल?

उलटंही होतं, आजूबाजूचं वाचल्यावर ओळ आणखी मोठी होते. 'असाध्य ते साध्य' हा अभंगाचा शेवट आहे. सुरुवातीला तुकोबा बचनागाबद्दल बोलतात, साधून साधून माणसं ते जालीम विष तोळा तोळा खातात आणि दुसऱ्यांना ते डोळ्यांनी बघवतही नाही, तसंच कुणी भुजंग हातात धरतो आणि बाकीचे नुसते पाहून कापतात. एवढं झाल्यावर मग येतं 'कारण अभ्यास'. हे वाचल्यापासून मला ती ओळ गुळगुळीत वाटणं बंद झालं. त्याच अर्थाचा त्यांचा दुसरा चरण आहे, 'ओले मूळ भेदी खडकाचे अंग', कोवळं ओलं मूळ खडक फोडून आत जातं. तो फारसा वापरला जात नाही, छोटा आहे, चित्र लगेच दिसतं, माझ्या स्वतःच्या सहीखाली हाच आहे.

सगळ्यात अवघड मेलखाली ठेवून वाचा

निवडलेली ओळ आता तीन मेलखाली टाकून मोठ्याने वाचायची. एक, कुणाला नाही म्हणणारा मेल. दोन, पैसे मागणारा मेल. तीन, सांत्वनाचा मेल. तिन्हीखाली ओळ खटकली नाही तर ती पास.

'जो जे वांछील तो ते लाहो' घ्या. पसायदानातलं मागणं, याच्याहून पवित्र काय असणार. पण वर लिहिलंय 'आपली सुट्टी मंजूर करता येत नाही' आणि खाली ज्याला जे हवं ते मिळो, वाचणाऱ्याला ती थट्टा वाटेल, तुमच्या मनात नसली तरी. 'ठेविले अनंते तैसेचि राहावे' ग्राहकांच्या तक्रारी हाताळणाऱ्या माणसाच्या सहीखाली कधीच नको, ज्याचा फ्रीज बंद पडलाय त्याला ते सरळ हिणवल्यासारखं लागेल. मनाच्या श्लोकांतलं 'देहे त्यागिता कीर्ति मागे उरावी' हॉस्पिटलमधल्या, विम्याच्या कामातल्या माणसाने लावू नये, समोरचा रिपोर्टची वाट बघत बसलेला असतो हो, त्याच्या डोळ्यांसमोर आधी ती ओळ येणार.

उपदेशाच्या ओळींचंही जपून. 'बोले तैसा चाले त्याची वंदावी पाउले' स्वतःसाठी म्हणून तुम्ही लावता, पण प्रत्येक मेलखाली ती समोरच्याला ऐकवल्यासारखी वाचली जाते, खास करून तुम्ही साहेब असाल आणि समोरचा हाताखालचा असेल तर. ज्या ओळीत आपण स्वतःकडे बघतोय किंवा नुसतं चित्र आहे ती ओळ जास्त चालते.

वाचणारे कोण आहेत

घरच्यांना, मित्रांना, मराठी मंडळाच्या लोकांना मराठी ओळ, यात विचार करण्यासारखं काही नाही. बंगळुरूच्या ऑफिसात किंवा परदेशात असाल आणि समोर अमराठी मंडळी असतील तर दोन सह्या बनवा, एकीत ओळ, एकीत नाही. काही जण मराठी ओळ ठेवून खाली इंग्रजीत अर्थ देतात, पण मग सही लांबते. कुणी विचारलं तर समजावून सांगा, त्यातून गप्पा छान होतात, माझा अनुभव तरी तसाच आहे.

देवाधर्माची ओळ लावावी की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. खासगी मेलमध्ये बेलाशक लावा. ज्या कामात सगळ्या जातीधर्माचे लोक तुमच्याकडे मदत मागायला येतात तिथे मात्र अशी ओळ घ्या की ज्यात कुणालाही बाहेरचं वाटणार नाही, संतांकडे अशा ओळी भरपूर आहेत, 'जे का रंजले गांजले त्यासि म्हणे जो आपुले' हेच बघा. राजकीय नेत्यांच्या वाक्यांपासून लांब राहा, लोक वाक्य वाचत नाहीत, पक्ष वाचतात.

टाइप करताना

युनिकोडमध्येच टाइप करा, म्हणजे कुठल्याही फोन-कॉम्प्युटरवर वाचता येणाऱ्या अक्षरांत. श्रीलिपी, कृतिदेव वगैरे जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं तुमच्या कॉम्प्युटरवर नीट दिसेल पण समोरच्याकडे इंग्रजी अक्षरांची भेळ होऊन जाईल. फोनवर जीबोर्डचा मराठी कीबोर्ड घ्या, हिंदीचा नको.

ओवीच्या शेवटचे उभे दंड पण नीट द्या. लोक इंग्रजी एल किंवा कॉम्प्युटरवरची पाइपची खूण दोनदा मारतात, ते वेडंवाकडं दिसतं. दंडाचं स्वतःचं अक्षर आहे, । आणि ॥, कीबोर्डवर सापडत नसेल तर इथूनच कॉपी करा. नाहीतर दंड सोडून सरळ स्वल्पविराम द्या, तेही चालतं.

ओळीचा फोटो लावू नका. सुंदर अक्षरात लिहून घेतलेला, मागे सूर्योदय असलेला, कितीही आवडला तरी नको. बऱ्याच ठिकाणी चित्रं आपोआप उघडत नाहीत, तिथे नुसती रिकामी चौकट दिसते, आणि ज्यांना दिसत नाही आणि जे स्क्रीन रीडरवर मेल ऐकतात त्यांना तुमची ओळ ऐकूच येणार नाही. रंगही साधा ठेवा, गडद निळा किंवा लाल रंग डार्क मोडमध्ये वाचता येत नाही.

शेवटी सगळं असं दिसायला हवं:

तुमचं नाव
हुद्दा, संस्था
फोन नंबर
'ओले मूळ भेदी खडकाचे अंग' – संत तुकाराम

नाव लिहायचंच, ओळ कितीही प्रसिद्ध असली तरी. ज्याचं आहे त्याला द्यावं, आणि नव्याने वाचणाऱ्याला शोधता येतं.

लावायची कुठून

जीमेल असेल तर कॉम्प्युटरवर उघडा. वर उजवीकडे दातेरी चाकाचं चिन्ह असतं, त्यावर क्लिक करून 'सी ऑल सेटिंग्ज', मग 'जनरल' टॅबमध्ये बरंच खाली गेलं की 'सिग्नेचर'. 'क्रिएट न्यू' दाबा, सहीला ओळखू येईल असं नाव द्या, म्हणजे 'ओळीसकट', 'साधी' असं काहीतरी, आणि शेजारच्या चौकटीत मजकूर टाका. त्याच्या खाली दोन पर्याय दिसतील, नव्या मेलला कुठली सही आणि रिप्लाय-फॉरवर्डला कुठली. नव्याला 'ओळीसकट' ठेवा, रिप्लायला 'साधी', कारण दहा वेळा मेल इकडून तिकडे गेला की दहा वेळा तीच ओळ येते आणि कितीही चांगली असली तरी तिचा कंटाळा येतो. मग पानाच्या अगदी तळाशी जाऊन 'सेव्ह चेंजेस' दाबा. नवीन माणसं हमखास हे विसरतात आणि म्हणतात सही लागतच नाही.

तिथेच एक छोटा चेकबॉक्स आहे, सही जुन्या मजकुराच्या वर घालायची आणि तिच्या आधीच्या दोन आडव्या रेघा काढून टाकायच्या का असं विचारणारा. त्या रेघा ही जुनी पद्धत आहे, दोन रेघा आणि एक स्पेस आली की याच्याखाली सही आहे असं मेलच्या प्रोग्रामला कळतं. रिप्लायमध्ये तुमची सही खूप खाली जात असेल तर तो बॉक्स टिक करा.

आयत्या वेळी सही बदलायची असेल, समजा सांत्वनाचा मेल लिहिताय, तर मेल लिहायच्या खिडकीत खाली पेनाचं चिन्ह आहे, तिथून 'साधी' निवडा. हे नक्की लक्षात ठेवा, फार उपयोगी पडतं.

फोनमधल्या जीमेल ॲपला 'मोबाइल सिग्नेचर' वेगळी असते, ॲपच्या सेटिंग्जमध्ये तुमच्या खात्यावर टॅप केलं की सापडते. तिथे नुसता साधा मजकूर बसतो, ठळक-तिरपं काही नाही. आउटलुकच्या नव्या ॲपमध्ये 'सेटिंग्ज', 'अकाउंट्स', 'सिग्नेचर्स', जुन्यात 'फाइल', 'ऑप्शन्स', 'मेल', 'सिग्नेचर्स'. आयफोनवाल्यांनी सेटिंग्जमध्ये मेलच्या सिग्नेचरमध्ये जाऊन ते 'सेंट फ्रॉम माय आयफोन' काढून टाकावं, आपली ओळ तिथे किती छान बसते.

लावून झालं की स्वतःलाच एक मेल पाठवा, कॉम्प्युटरवरून एक आणि फोनवरून एक. मग दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवर उघडून बघा, शक्यतो वेगळ्या कंपनीच्या आणि थोड्या जुन्या. ओळ कुठे तुटते, 'ऱ्य' आणि 'ळ' नीट दिसतात का, दंड सुटून एकटाच पुढच्या ओळीवर गेलाय का. तसं झालं असेल तर शेवटचा शब्द आणि दंड यांच्यातली जागा काढून टाका.

ओळ बदलावीशी वाटली तर बदला, वारीच्या दिवसांत वेगळी, शाळा सुरू होताना वेगळी, असं करणारे मला फार आवडतात. फक्त एक बघा, आधीच लिहून ड्राफ्टमध्ये ठेवलेल्या आणि पुढच्या तारखेला जायला शेड्यूल केलेल्या मेलमध्ये जुनीच सही राहते, ती आपोआप बदलत नाही. ते मेल एकेक उघडून हाताने बदलून घ्या.